इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

(दुबईतील अल क्वोज येथे अनेक वर्षे अवजड वाहनांच्या दुरुस्तीचे काम केलेल्या आपल्या एका समाजबांधवाच्या भाषणाचे, ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



आजवर या व्यासपीठावरून विद्वानांची भाषणे झाली. ज्याचे हात आयुष्यभर ग्रीसने काळे झाले अशा माणसाने येथे काय सांगावे, असा प्रश्न मी चिटणीसांना केला. ते म्हणाले, "तुम्हाला जे येते तेच सांगा." मला येते ते एवढेच : जुन्या ट्रकचे इंजिन सेल्फ मारल्यावर फिरत असूनही सुरू का होत नाही, हे शोधून काढणे. विषय फार लहान आहे; परंतु या लहान विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली. म्हणून तो आपल्यासमोर मांडतो.

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत. घाण्याची करकर ऐकून त्यात काय अडले आहे हे ओळखण्याचा कान त्यांना असावाच, असा माझा समज आहे. डिझेल इंजिनाच्या मिस्त्रीलाही प्रथम तोच कान लागतो, पाना त्यानंतर.

दुबईत शेख झायेद रस्ता सोडून आत वळले की अल क्वोज लागते. तेथील औद्योगिक भागाचे चार विभाग आहेत. गोदामे, सुतारकामाच्या शाळा, गॅरेजे आणि कामगारांची वसतिस्थाने, असे त्याचे जुने रूप. आता त्यातल्याच काही गोदामांत 'अलसरकाल अ‍ॅव्हेन्यू'ची कलादालने उभी राहिली आहेत. तरी शेजारच्या गल्लीत अजूनही ट्रकखाली आडवे झालेले पाय दिसतात. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करण्यास कायद्याने मनाई आहे. माणसाला ही विश्रांती मिळते, यंत्राला मिळत नाही. त्या उष्णतेने बॅटऱ्या लवकर मरतात, रबराच्या नळ्या वाळून कडक होतात, आणि वाळूचा बारीक कण फिल्टरमध्ये घर करतो. माझ्या पुढच्या सांगण्यात या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

एके सकाळी आमच्या गॅरेजात पाण्याचा एक जुना सहा सिलिंडरचा टँकर ओढून आणला गेला. पेशावरकडचा एक वयस्क चालक तो चालवीत असे. आम्ही सारे त्याला खानसाहेब म्हणत असू. तो म्हणाला, "रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होत नाही. एकदा सुरू झाली की मग दिवसभर चालते." मी तेव्हा तरुण होतो, हुशार समजला जात होतो, आणि हे वाक्य मी कानाआड केले. सेल्फ मारला, इंजिन जोमाने फिरले, पेटले नाही. नोझलपर्यंत डिझेल येत नव्हते. मी निर्णय दिला : पंप गेला. पंप उतरवून कारागिराकडे पाठवला, त्याचे अंतर्भाग बदलले, पुन्हा बसवला, आणि इंजिन एका झटक्यात सुरू झाले. सर्वांनी माझी पाठ थोपटली. ती चूक होती. ती कशी, हे कळण्यासाठी आधी इंजिनाची भाषा थोडी समजून घेतली पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले. त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. सिलिंडरमध्ये नुसती हवा घेतली जाते आणि ती तिच्या आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. सायकलला हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, हे आपण लहानपणी अनुभवलेले असते; तेच येथे कितीतरी पट घडते. हवा पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा आत येऊन आपोआप पेट घेतो. याचा अर्थ असा की जुन्या डिझेल इंजिनाला सुरू होण्यास चारच गोष्टी हव्यात : पुरेसा वेग, मोकळी हवा, पुरेसा दाब आणि योग्य वेळी पोहोचणारे डिझेल. इंजिन फिरते पण सुरू होत नाही, तेव्हा या चारांपैकी एक तरी गैरहजर असते. पाचवे कारण शोधत बसू नये.

येथे मी जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांविषयी बोलतो आहे. बॉश कंपनीने १९२७ साली डिझेलच्या पंपांचे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि आपल्याकडे 'मायको' या नावाने बंगळूरहून आलेले पंप ट्रकवाल्यांच्या दोन पिढ्यांनी पाहिले. नव्या इंजिनांत संगणक असतो, डिझेलचा दाब हजार बारच्याही पलीकडे जातो. त्यांची तपासणी निराळी. पुढे मी नळीचे नट सैल करण्याविषयी सांगणार आहे. तो प्रयोग नव्या इंजिनावर कोणी कदापि करू नये.

तपासणीची सुरुवात पान्याने होत नाही, प्रश्नाने होते. प्रश्न तीन. पहिला : बिघाड केव्हा दिसतो? गार असताना की तापल्यावर, थोडा वेळ उभी राहिल्यावर की रात्रभर? दुसरा : त्याआधी शेवटचे काम कोणते झाले? फिल्टर बदलला का, टाकी रिकामी झाली होती का, नळी काढली होती का? तिसरा : सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि कोणत्या रंगाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चालकापाशी असतात, तिसऱ्याचे उत्तर इंजिन स्वतः देते. या उत्तरांना पैसे पडत नाहीत, म्हणूनच कदाचित त्यांना कोणी मोल देत नाही.

त्यानंतर कान. इंजिन फिरते खरे, पण कसे फिरते? जुन्या डिझेल इंजिनाला मिनिटाला निदान शंभर-दीडशे फेरे मिळाले पाहिजेत. त्याहून मंद फिरले तर दाबलेली हवा तापण्याआधीच गळून आणि निवून जाते. आवाज कण्हल्यासारखा असेल, तर प्रथम बॅटरी पाहावी. ट्रकला बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पूर्ण भरलेल्या जोडीवर मीटर २५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. सेल्फ मारताना तो १८-१९च्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली आहे किंवा तारांची टोके गंजली आहेत. पांढरट क्षार जमलेले टोक घासून घट्ट बसवल्याने सुरू झालेल्या गाड्यांची गणती मी ठेवली नाही. सेल्फ मात्र एका वेळी पंधरा-वीस सेकंदांहून अधिक मारू नये; मध्ये एक-दोन मिनिटे थांबावे. अधीरपणाने स्टार्टर जळतो, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

वेग ठीक असेल तर एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने धूर पाहावा. येथे वाट फुटते.

धूर मुळीच नसेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचतच नाही. धूर पांढरा किंवा राखाडी असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. धूर काळा असेल, तर डिझेल आहे, हवा अपुरी आहे. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे इंजिन संशयातून मुक्त होते.

प्रथम बिनधुराची वाट पाहू, कारण बहुतेक गाड्या याच वाटेवर अडतात. टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावर विसंबून न राहता काठी घालून पाहावे. जुन्या गाडीचा काटा खोटे बोलतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र वाळूने बुजले असेल तर आत पोकळी होते आणि डिझेल पुढे येत नाही. झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज आला, तर समजावे. मग इंजिन बंद करण्याची दोरी, म्हणजे स्टॉप केबल, पाहावी. ती ओढलेलीच राहिली, किंवा गंजून पंपावरचा दांडा अर्ध्यावरच अडकला, तर पंप डिझेल सोडत नाही. ज्या गाडीत दोरीऐवजी विजेचा सोलेनॉइड असतो, तेथे चावी फिरवताच 'टक' असा आवाज यावा. तो न आल्यास फ्यूज आणि तार तपासावी. या सर्व तपासण्यांना दहा मिनिटे लागतात आणि एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

यानंतर गाडीने 'एअर धरली' आहे का, ते पाहावे. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. हवा काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे असा असतो. फीड पंपावरचा हातपंप मारीत फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा. फेस थांबून स्वच्छ धार आली की हातपंप चालू असतानाच तो घट्ट करावा. मग हेच मुख्य पंपावर करावे. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारावा. तेथे डिझेल उसळू लागले की नट आवळावेत. या वेळी त्या नटाजवळ बोट नेऊ नये. नोझल साधारण दोनशे बारच्या दाबाला उघडते. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हवा काढली आणि गाडी सुरू झाली, एवढ्याने काम संपत नाही. हवा आत आली कोठून, हा खरा प्रश्न. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथे भेग असली तरी डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. हवा मात्र आत शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या भेगेतून हवा येते आणि नळीतील डिझेल हळूहळू टाकीत उतरते. जमीन कोरडी, नळी कोरडी, आणि सकाळी गाडी मुकी. याची परीक्षा सोपी आहे : फीड पंपाची ओढनळी सोडवून ती स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवावी, हवा काढावी आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी एका झटक्यात सुरू झाली, तर दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये आहे. पंपाला हात लावण्याचे कारण नाही.

याच्या अगदी उलट लक्षणही असते. सकाळी गाडी निमूट सुरू होते. पण दुपारी तापलेली असताना बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, आणि तासाभराने निवली की सुरू होते. हे झिजलेल्या पंपाचे लक्षण असू शकते. पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. ती झिजून वाढली आणि उन्हाने डिझेल पातळ झाले की दाब तयार होण्याआधीच डिझेल त्या फटीतून निसटते. अल क्वोजचे जुने मिस्त्री अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबतात. तो निवल्यावर गाडी सुरू झाली, तर पंपाविषयीचा संशय बळावतो. थंड पाण्याची बादली मात्र त्यावर ओतू नये, दट्ट्या जागीच आवळून बसण्याचे भय असते. एकच इंजिन, एकच तक्रार. पण सकाळी अडणाऱ्या गाडीचा रोग एक आणि दुपारी अडणाऱ्या गाडीचा दुसरा. म्हणून 'केव्हा?' हा प्रश्न पहिला.

पांढऱ्या धुराची वाट अधिक खर्चाची असते. थंड प्रदेशात गारठ्यामुळे असा धूर येतो. आखातातील उन्हाळ्यात ती सबब चालत नाही. डिझेलमध्ये पाणी आहे का, हे फिल्टरच्या तळाचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे; पाणी खाली बसते. रेडिएटरचे पाणी कारण नसताना कमी होत असेल तर हेडचे गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. तशा संशयात सेल्फ मारू नये, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे दोन्ही नसेल तर नोझलच्या जागी मापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहावा. शेजारचे दोन सिलिंडर पडले असतील तर गॅस्केट, सर्वच उतरले असतील तर इंजिनाचे वय. पंप नुकताच काढून बसवला असेल, तर त्याचे टायमिंग चुकले नाही ना, हे आधी पाहावे.

काळ्या धुराला बहुधा वाळूने चोंदलेला एअर फिल्टर कारण असतो. काही ट्रकांत सायलेन्सरच्या वाटेवर एक्झॉस्ट ब्रेकची झडप असते. ती बंद अवस्थेत अडकली तर इंजिनाचा श्वास कोंडतो. आणखी एक इशारा. पुष्कळ लोक उतावळेपणाने हवेच्या वाटेत ईथरचा फवारा मारतात. तो वेळेआधीच भडकतो. त्याने रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो, आणि जेथे हवा तापवण्याचे हीटर बसवलेले असतात तेथे आग लागू शकते. ज्या इंजिनाला मरणाची घाई नाही, त्याला हे औषध देऊ नये.

आता खानसाहेबांच्या टँकरकडे वळतो. दुरुस्तीनंतर दोन दिवस तो रात्रंदिवस कामावर होता. तिसऱ्या रात्री उभा राहिला आणि सकाळी पुन्हा मुका झाला. या वेळी आमच्या गॅरेजातील एका वृद्ध उस्तादांनी काम आपल्याकडे घेतले. त्यांनी खानसाहेबांना स्टुलावर बसवले, चहा दिला आणि सारी हकिकत विचारली. मग डिझेलचा डबा मागवला. रात्रभर टँकर डब्यावर ठेवला. सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू झाला. टाकीजवळच्या क्लिपखाली रबराच्या नळीला केसासारखी भेग गेली होती. चार बोटे लांबीचा नवा तुकडा लागला. त्याची किंमत चहाच्या दोन पेल्यांएवढीही नसेल.

मग नवा पंप बसवल्यावर गाडी सुरू कशी झाली होती? उत्तर साधे आहे. पंप बसवल्यावर हवा काढावीच लागते. मी हवा काढली, म्हणून ती सुरू झाली, पंपामुळे नव्हे. दुरुस्तीनंतर गाडी चालली, एवढ्यावरून निदान बरोबर होते असे सिद्ध होत नाही. उपचाराच्या ओघात दुसरेच काहीतरी घडते आणि यश मात्र आपण आपल्या तर्काच्या नावे जमा करतो. या धंद्यात मी शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

पंपाचा खर्च टँकरच्या मालकाने खानसाहेबांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्यास सुरुवात केली होती. गाडी नीट न सांभाळल्याचा ठपका त्यांच्यावर होता. मी आमच्या धन्याला खरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "गाडी चालू झाली, विषय संपला. तोंड उघडू नकोस." त्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावताना माझा हात स्थिर नव्हता. पुढल्या आठवड्यात मी खानसाहेबांच्या मालकाकडे जाऊन दोष माझा होता असे सांगितले, कपात थांबली. तोवर कापली गेलेली रक्कम मी माझ्या पगारातून चार महिन्यांत फेडली. शेवटचा हप्ता देताना खानसाहेबांनी नोटा मोजल्या नाहीत. ते एवढेच म्हणाले, "मी तर पहिल्याच दिवशी सांगितले होते."

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी थोड्यांच्याच दारी ट्रक असेल. परंतु कोणाच्या वाडीत डिझेलचा पाणीपंप आहे, कोणाच्या इमारतीखाली जनरेटर आहे, कोणाचा मुलगा टेम्पो चालवतो. त्या साऱ्यांचा धर्म हाच : वेग, हवा, दाब, डिझेल. यंत्र अडले आणि मिस्त्रीने आल्याबरोबर महाग भागाचे नाव घेतले, तर त्याला नम्रपणे विचारावे, "धूर कोणत्या रंगाचा आहे? हवा काढून पाहिली का? डब्यावर चालवून पाहिली का?" चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. आणि आपल्यापैकी जे माझ्यासारखे पाना धरून पोट भरतात, त्यांना मी एवढेच विनवतो की गाडीपाशी जाण्याआधी चालकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. रोज त्या यंत्राशेजारी बसणारा तोच असतो.